पेशीतली चरबी आणि माझा उजवा हात

१४ मार्च २०२४, गुरुवार, सकाळचे साडेअकरा. कातडीचा तुकडा तपासण्याची फी अठराशे रुपये, आदल्या आठवड्यात भरलेली. हजर तिघे: मी, माझी पत्नी सुनंदा आणि त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडम.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "कुष्ठरोग आहे. बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आधी एवढं ऐकून घ्या, मग बाकीचं बोलू."

सुनंदाने विचारले, "म्हंजे रगतपिती व्हय?"

"लोक तसं म्हणतात."

"मग रगतपितीच म्हणा की." एवढे बोलून तिने पदराने तोंड पुसले. रडली नाही. बसल्या जागेवरून माझ्या हाताकडे बघत राहिली.

मी कसबा बावड्यात राहतो. निदान झाले तेव्हा माझे वय एक्कावन्न होते. सत्तावीस वर्षे एका दूध संस्थेचा सचिव होतो. सभासद सकाळ-संध्याकाळ किटलीतून दूध आणतात. मी त्यातला नमुना घ्यायचा, फॅट, म्हणजे दुधातल्या चरबीचे टक्के, मशीनवर काढायचे, त्यावर दर लावायचा. म्हशीचे दूध सात फॅटचे आहे की साडेसहाचे, हे मशीन सांगायच्या आत मला रंगावरून कळायचे. हे सांगतो ते फुशारकी म्हणून नाही. पुढे जी चूक झाली ती याच कामातून झाली. दुसऱ्या धंद्यातल्या माणसाने ती केली नसती.

आधीचे वर्ष

मागे वळून पाहिले तर खुणा वर्षभर होत्या. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या. भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झाल्या. गावात लोक म्हणायचे, "सेक्रेटरी, लई तेज आलंय तोंडावर, दूध पिताय काय संस्थेचं?" मीही हसायचो. तब्येत सुधारली असे मलाही वाटत होते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मशीन धुवायला उकळते पाणी घेतले. दुसऱ्या दिवशी उजव्या करंगळीला टरारून फोड आलेला. पाणी केव्हा सांडले ते मला माहीतच नव्हते. करंगळीला टाचणी टोचून पाहिली, काही कळले नाही. ती कोपरापर्यंत टोचत आणली. मनगटाच्या वर चार बोटांवर पहिल्यांदा दुखले. त्या रात्री मी सुनंदाला काही सांगितले नाही. फॅटची मशीन बिघडली की मी आधी तीन वेळा तोच नमुना लावतो, तसे तीन दिवस टाचणी लावून पाहिली आणि चौथ्या दिवशी दवाखाना गाठला.

फेस

रिपोर्टात 'फेसाळ पेशी' असे काहीतरी असल्याचे मॅडम बोलून गेल्या. फेस म्हटल्यावर मी पुढे सरकलो. दुधाला फेस असेल तर नमुना घ्यायचा नसतो, आकडा चुकतो.

"मॅडम, फेस कशाचा?"

त्यांनी माझ्यापुढे कागद ओढला आणि एक गोल काढला. म्हणाल्या, "ही तुमच्या शरीराची पेशी. हिचं काम जंतू गिळून मारायचं. पण कुष्ठरोगाचा जंतू हिच्या आत गेला की मरत नाही. उलट तो पेशीला चरबी साठवायला लावतो. चरबीचे बारीक बारीक थेंब भरून पेशी फुगते. सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारखी दिसते. त्या चरबीत तो लपतो, तिच्यावर जगतो. मज्जातंतूभोवतीच्या पेशींतही तेच करतो."

"म्हणजे राखणदाराच्याच घरात कोठार केलं."

"अगदी तसंच."

"फॅट किती बसतं?"

"म्हणजे?"

"टक्के. सहा, सात, आठ?"

मॅडम हसल्या. "ते असं मोजत नाहीत हो."

"मोजायला पायजे की."

सुनंदाने मला कोपर मारले. मॅडमनी मग एक आकडा दिला, जंतूंचा. शून्य ते सहा अशी मोजणी असते. माझा पाच होता. बाहेर पडताना मी विचारले, "मग तेल-तूप बंद करू का?" त्या म्हणाल्या, "काही गरज नाही. नेहमीसारखं जेवा. वर्षभर गोळ्या चुकवू नका."

मी मान हलवली आणि मनात म्हणालो, या शहरातल्या बाई आहेत. आमचे निम्मे सभासदही हेच सांगतात, की म्हशीच्या खाण्याचा आणि फॅटचा संबंध नाही. पण मी सत्तावीस वर्षांचे आकडे बघत आलो होतो. सरकी पेंड बंद केली की दोन-तीन दिवसांत फॅट उतरते. खाणे आत जाते, चरबी बाहेर दिसते. यात शिकण्यासारखे काय आहे?

मोटारसायकलवरून घरी येईपर्यंत माझे गणित मांडून झाले होते. जंतू चरबीवर जगतो. चरबी ताटातून येते. आवक थांबवली की कोठार रिकामे. गोळ्या आणि उपास दोन्ही बाजूंनी लावले तर वर्षाचे काम सहा महिन्यांत होईल.

ताट

अकरा दिवसांनी धुळवड होती. आमच्याकडे धुळवडीला मटण नाही असे घर शोधावे लागेल. सुनंदाने तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से केले होते. मी ताटात कोरडी भाकरी आणि पाण्यात उकडलेली भाजी घेतली.

"आवो, एक घास तरी."

"न्हाय."

"इख घातलंय काय मी त्यात?"

"तुला कळत न्हाय. चरबीवर जगतात ते."

"मॅडमनी तसं कुठं सांगितलंय? मी तिथंच बसलोतो की तुमच्या शेजारी!"

"मॅडमनी चरबीचं सांगितलं. पुढचं मी काढलं."

आमची मुलगी पल्लवी कॉलेजात शिकते. तिने माझ्या ताटातली भाकरी मोडून घेतली आणि रश्श्यात बुडवून खाल्ली. एकीकडे मोबाइलवर काहीतरी वाचत ती म्हणाली, "पप्पा, इथं लिहिलंय, पेशी स्वतः चरबी करते." मी म्हणालो, "करते ते कशापासनं? हवेतनं?" उत्तर मला नकोच होते.

त्या दिवशी तिने माझ्या ताटातले खाल्ले, हे मात्र मी विसरलो नाही. घरच्या दोघींची तपासणी झाली होती, दोघींना बचावाचा एकेक डोस दिला होता. तरी नातेवाइकांत जे व्हायचे ते झाले. सुनंदाचा भाऊ दारातून बोलून जायचा, पाणी घ्यायचा नाही. त्याबद्दल मला फार लिहायचे नाही.

मी एका वहीत रोजचे खाणे लिहू लागलो. तेल शून्य, तूप शून्य, दूध मलई काढलेले, शेंगदाणा नाही, खोबरे नाही, अंडे नाही. वजन मार्चमध्ये एकाहत्तर किलो होते, ऑगस्टमध्ये साठ झाले. चेहऱ्याची तुकतुकी गेली, कान पातळ झाले. ते गोळ्यांमुळे झाले हे आता कळते. तेव्हा मी त्याचे श्रेय वहीला दिले.

संस्थेत

या गोळ्यांतल्या एकीने कातडी काळपट तांबूस होते. मे महिन्यात माझा रंग जुन्या तांब्याच्या घंगाळासारखा झाला. संस्थेचे चेअरमन बापू एक दिवस संकलन संपल्यावर समोर येऊन बसले.

"सेक्रेटरी, काय भानगड हाय? निम्मं बावडं मला इचारतंय."

मी आजाराचे नाव सांगितले. बापू पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "डॉक्टरचा कागद हाय?"

"हाय. औषध चालू झालं की दुसऱ्याला लागत न्हाय, असं लिवलंय."

"शिक्का?"

"हाय."

"मग तोंड पाडून बसलाय कशाला? उद्या सकाळी भिंतीवर लावतो कागद. ज्याला पटंल तो दूध घालंल."

त्यांनी खरोखर लावला. मला तो पाहवेना, पण लावू नका असेही म्हणता येईना. एकशे त्रेचाळीस सभासदांपैकी दोघे दुसरीकडे गेले. बाकीचे आले. हिराबाई म्हणून एक म्हातारी सभासद आहे. तिने कागद पल्लवीकडून वाचून घेतला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "आरं लेका, माझ्या म्हशीला सहाच्या वर फॅट लावताना हात आखडायचा तुझा. त्यो रोग तवापासनंचा हाय, मला ठावं हाय." सगळे हसले. मीही हसलो. आजारपणातला तो सगळ्यात बरा दिवस होता.

हे मी मुद्दाम लिहिले. माझे काम लोकांनी घालवले असे कोणी समजू नये.

आठ गोळ्या

ऑगस्टच्या मध्यावर ताप आला. हातापायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला शीर दोरीसारखी टरटरली. तिथे शर्टाची बाही लागली तरी जीव जायचा. मॅडमनी कोपर चाचपले, करंगळी आणि शेजारचे बोट एकमेकांपासून फाकवून धरायला सांगितले, मग ती जुळवून त्यांच्यात कागद धरायला लावला. कागद धरला गेला, पण थोड्या वेळाने सुटला.

"ही प्रतिक्रिया आहे," त्या म्हणाल्या. "जंतूंमुळे शरीर आतल्या आत भांडायला लागलंय. त्या भांडणात ही शीर सुजली आहे. सूज उतरवली नाही तर हात जाईल. या स्टेरॉइडच्या गोळ्या. रोज आठ, सकाळी, जेवून. मी सांगेन तशा कमी करायच्या. मनाने एकही कमी करायची नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. तारीख १९ ऑगस्ट, सोमवार.

गोळ्या घेताना औषधाच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसाला विचारले, "ह्यानं काय होतंय?" त्याने सहज सांगितले, "गाल भरतात, पोट सुटतंय. अंगावर चरबी चढती, दुसरं काय न्हाय." तो चिल्लर मोजत होता. त्याचा काही दोष नाही.

पाच महिने मी ताटातले थेंब मोजले होते. अकरा किलो उतरवले होते. आणि आता रोज आठ गोळ्या खाऊन तीच चरबी परत चढवायची? ज्यांना उपाशी मारत आणले त्यांना दिवाळीचा फराळ घालायचा? मी रात्रभर विचार केला असे म्हणणार नाही. दुकानापासून घरापर्यंत येतानाच ठरले. सूज उतरायला दोन पुरतील. सहा बाजूला ठेवायच्या.

एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. रोज सकाळी सुनंदा पाण्याचा तांब्या ठेवून चुलीकडे वळली की सहा गोळ्या त्यात जायच्या.

दोन सप्टेंबरला तपासणीला गेलो. कागद आधीपेक्षा लवकर सुटला. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "एवढा डोस चालू असताना असं व्हायला नको. किती घेताय?"

"आठ."

दूध संस्थेत मी पाण्याच्या दुधाला कधी चांगला आकडा लावला नाही. चेअरमनच्या मेहुण्यालाही नाही. माझ्या आयुष्यात जाणूनबुजून सांगितलेला खोटा आकडा हा एकच.

त्या विश्वासावर मॅडमनी आणखी पंधरा दिवस आठच ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात कोपराचे दुखणे थांबले. अगदी साफ थांबले. मला इतका आनंद झाला की संस्थेत सगळ्यांना चहा सांगितला. शीर मरत आली की दुखत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारावे असे मला वाटले नाही. पुढे मॅडमनी गोळ्या सहावर आणल्या. सप्टेंबरच्या शेवटी ऑडिट होते, म्हणून तपासणीला मी गेलो नाही, सुनंदाला गोळ्या आणायला पाठवले. तिने आणल्या. चार सांगितल्या होत्या. मी दोनच घेतल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नमुन्याची बाटली हातातून पडली. दुसऱ्या दिवशी दोन पडल्या. करंगळी आणि शेजारचे बोट आत वळू लागले होते, मी ते सरळ केले की पुन्हा वळायचे. दसऱ्याला सोने वाटताना बापूंच्या हातात पान द्यायला गेलो आणि ते खाली पडले. त्यांनी ते उचलून घेतले आणि माझ्या हाताकडे पाहिले.

डबा

दसऱ्यानंतर दिवाळीची झाडलोट सुरू झाली. १४ ऑक्टोबरला सुनंदाने फडताळ रिकामे केले. मी संस्थेतून आलो तर ती उंबऱ्यात उभी, डबा कमरेवर घेऊन.

"ह्या कसल्या हायत?"

मी सांगितले. ती ओरडली नाही. म्हणाली, "गाडी काढा." वाटेत एकदाच बोलली, मागे बसून, माझ्या पाठीशी: "मला वाटलंतं माझ्या हातचं खाईत न्हाईसा, तेवढंच."

मॅडमच्या टेबलावर तिने डबा ठेवला. "मॅडम, हे बघा ह्यांनी काय केलंय."

मॅडमनी झाकण काढले. "किती आहेत?"

"दोनशे बावन्न," मी म्हणालो. "आपण दिल्या तीनशे चौसष्ट. घेतल्या एकशे बारा."

"हिशेब बरोबर आहे," त्या म्हणाल्या. एवढे कोरडे वाक्य मी आयुष्यात ऐकले नाही. मग म्हणाल्या, "का?"

मी कारण सांगितले. सरकी पेंडीसकट सगळे सांगितले. त्यांनी मध्ये तोडले नाही. संपल्यावर म्हणाल्या, "जंतू बहुतेक सगळे मेलेत. पहिल्या काही महिन्यांतच मेले असतील, गोळ्यांनी. आत राहिलाय तो मेलेल्यांचा ढिगारा. शरीर त्याच्याशी भांडत होतं. मी त्या भांडणावर औषध दिलं होतं, जंतूवर नाही."

"आणि चरबी?"

"ती जंतू पेशीकडून करून घेतो. तुमच्या ताटाकडे बघून नाही. त्या चरबीवरच औषध काढता येईल का, याचा प्रयोगशाळेत शोध चालू आहे. पण तुम्हाला आज देण्यासारखं त्यातलं माझ्याकडे काही नाही. देण्यासारखं होतं ते तुम्ही डब्यात टाकलंत."

"हात किती टक्के परत येईल?"

"टक्के सांगत नाही. प्रयत्न करू."

वॉर्ड

त्याच दिवशी दाखल केले. बारा दिवस राहिलो. पहाटे सहाला वजन, सातला चहा, आठला गोळ्या. सिस्टर समोर उभी राहायची आणि गिळल्यावर म्हणायची, "तोंड उघडा. जीभ वर करा." एक्कावन्न वर्षांच्या माणसाने जीभ वर करून दाखवायची. मी दाखवली. दहाला व्यायामवाला यायचा. माझी बोटे तेलाने चोळायची, सरळ करायची, पट्टीला बांधायची. तेलाची बाटली पाहून पहिल्या दिवशी मी दचकलो. इतकी ती सवय अंगात मुरली होती.

शेजारच्या खाटेवर कागलचा दत्ता म्हणून एक ट्रक ड्रायव्हर होता. तळव्याला जखम, तीही न दुखणारी. आजार माझ्याच जातीचा, सुरुवातीचा आकडाही पाच. त्याची बायको डब्यातून रोज अंडी आणायची.

"पावणं, घ्या की एक."

"नको."

"काय उपास हाय?"

मी त्याला माझी सगळी कथा सांगितली. तो चघळायचा थांबला. मग म्हणाला, "म्हंजे तुम्ही पाच म्हैनं तूप खाल्लं न्हाय, आन् मी रोज ढाब्यावर मटान खाल्लं. बघूया आता कुणाचा आकडा खाली येतोय." तो चेष्टा करत होता. मी मात्र ती पैज मनावर घेतली. त्याचा नंबर घेऊन ठेवला.

तिथेच मी पहिले अंडे खाल्ले. सुनंदा समोर बसली होती. तिने सोलून दिले, कारण मला सोलता आले नाही.

वर्षानंतर

मार्च २०२५ मध्ये गोळ्यांची, महिन्याला एक अशी, बारा पाकिटे संपली. पुन्हा कातडीची तपासणी झाली. माझा आकडा पाचावरून चारवर आला होता. दत्ताला फोन लावला. त्याचाही चार.

"बरोबरीत सुटला की सेक्रेटरी," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. मॅडम म्हणाल्या, मेलेले जंतू शरीर हळूहळू साफ करते, वर्षाला साधारण एक आकडा उतरतो, सगळ्यांचाच. पाच महिन्यांचे कोरडे ताट, अकरा किलो, बायकोचे उतरलेले तोंड, या सगळ्याचा त्या आकड्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता.

आजार बरा झाला. कागद आहे. हात बरा झाला नाही. स्टेरॉइडचा पूर्ण कोर्स सगळ्यांच्या देखत घेतला, गाल भरले, पोट सुटले, पट्टी बांधली, विजेचा व्यायाम केला. करंगळी, शेजारचे बोट आणि आता मधलेही आत वळलेले आहे. अंगठा आणि पहिले बोट जुळते, पण त्यात काय धरले आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. शस्त्रक्रियेने बोटे थोडी सरळ होतील म्हणतात. जाणीव येणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितले. त्या नेहमी स्पष्टच सांगत होत्या.

जूनमध्ये मी संस्थेचा राजीनामा दिला. बापू म्हणाले, "बसून राहा की खुर्चीवर, नमुना दुसरा घेईल." पण मी न घेतलेल्या नमुन्यावर मी सही कशी करणार? आणि सहीसुद्धा आता डाव्या हाताने करतो, बँकेने ती दोनदा परत पाठवली. हे सगळे मी तोंडाने सांगितले आहे आणि पल्लवीने टाइप केले आहे.

ज्यांच्या हातात आत्ता ही पाकिटे आहेत त्यांना एवढेच सांगतो. जेवा. घरात जे शिजते ते जेवा. शीर दुखायला लागली तर त्याच दिवशी जा, आणि दुखायची एकदम थांबली तर त्याहून आधी जा. डॉक्टरने कशाला काय म्हटले हे नीट ऐका, आणि पुढचे स्वतः काढू नका. मनात शंका आली तर ती बोलून दाखवा. मी टेबलापलीकडे बसून एकदा विचारले असते, की मॅडम, या गोळीने चढणारी चरबी जंतूला मिळते का, तर त्यांनी अर्ध्या मिनिटात उत्तर दिले असते. मला ते विचारायची लाज वाटली नव्हती. मला उत्तर माहीत आहे असे वाटत होते.

हे वाचून कोणाला धीर येईल असे मला वाटत नाही. मला रोज सकाळी येत नाही. उठल्यावर आधी हात बघतो, झोपेत सरळ झाला असेल म्हणून. होत नाही.

शर्ट

राजीनाम्यानंतरही मी रोज सकाळी शर्ट घालतो. गुंड्या मला लावता येत नाहीत. गेले आठ महिने सुनंदा लावते, वरून खाली, पाच गुंड्या, मग बाहीच्या. त्या वेळी आम्ही एकमेकांकडे बघत नाही. डब्याबद्दल ती त्या दिवसानंतर एकदाही बोललेली नाही.

मागच्या आठवड्यात मी नऊ शर्ट पिशवीत भरले. ती म्हणाली, "कुठं निघाला?"

"मंगळवार पेठेत. गुंड्या काढून पट्टी लावून आणतो. चिकटणारी असती ती."

"कशाला? मी लावतो की."

"किती दिवस लावणार?"

"तुम्ही किती दिवस घालणार, तेवढं." मग पिशवीत हात घालून तिने शर्ट नीट घडी केले आणि म्हणाली, "जावा. ऊन व्हायच्या आत या."

हमीदभाई मंगळवार पेठेत शिवणकाम करतात. माझ्या लग्नाचा सदरा त्यांनीच शिवला होता. त्यांनी पहिला शर्ट पसरला, माझ्या हाताकडे एकदा पाहिले आणि गुंड्या मोजल्या.

"भाऊ, असं करतो. गुंड्या वरनं तशाच शिवतो, दिसायला. काजं बंद करतो. आतनं पट्टी. भायेरनं कुणाला काय कळणार न्हाय."

"किती दिवस टिकंल?"

"पट्टी व्हय? पट्टी शर्टाला पुरून उरंल."

काल शर्ट आणले. एक तिथेच घालून पाहिला. हाताचा तळवा छातीवरून खाली फिरवला की बंद होतो. काढताना फाडल्यासारखा आवाज येतो, आणि दुकानातले गिऱ्हाईक वळून बघते. हमीदभाई म्हणाले, "सवय व्हईल."

नऊ शर्ट, चाळीसप्रमाणे तीनशे साठ रुपये. हमीदभाईंना दिले. उजवा हात पुढे केला होता, पण नोटा त्यात राहीनात, म्हणून डाव्याने दिले. त्यांनी दोन्ही हातांनी घेतले.